तार आली की रडू फुटायचं

आज जरा जुनं सांगते.

माझ्या आजीच्या घरी एकदा भरदुपारी तार आली. तारवाल्याने दारात सायकल टेकवली, नाव विचारलं, आणि कागद हातात घ्यायच्या आधीच आजीने हंबरडा फोडला. गल्ली गोळा झाली. मजकूर इंग्रजीत, म्हणून कुणीतरी मास्तरांना बोलवायला पळालं. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं आणि हसायलाच लागले. मामाला मुंबईत नोकरी लागली होती!

आजीचं काही चुकलं नव्हतं. तारेला शब्दामागे पैसे पडायचे, त्यामुळे गरिबाच्या घरी तार यायची ती बहुतेक मरणाधरणाचीच. आपल्या देशात 1855 साली तार सगळ्यांसाठी खुली झाली. भुसावळहून निघालेली रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली, ती आपल्या बोदवडजवळूनच. देवनागरीत तार करायची सोय मात्र 1949 साली सुरू झाली, आणि त्यानंतरही इंग्रजीचा पगडा राहिलाच.

एक तार तर घरोघरी माहीत होती. ‘फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ वडील अत्यवस्थ, ताबडतोब निघा. चार शब्दांत कोणाला, काय झालं आणि तुम्ही काय करायचं, सगळं आलं. पण पुष्कळदा वडील गेलेलेच असायचे. वाटेत माणूस खचू नये म्हणून ‘सिरियस’ लिहायचे. हे सगळ्यांना कळून चुकलं, तेव्हा ज्याचे वडील खरोखर नुसते आजारी होते, तोही गाडीत रडतच बसायचा.

तारेच्याही आधीचा एक निरोप सांगते. पानिपतची लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते. नर्मदा ओलांडून भेलशाजवळ असताना त्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र लागलं. ते औरंगाबादच्या पेढीकडे चाललेलं होतं. त्या काळी औरंगाबादची वाट बऱ्हाणपूर, अजिंठ्याचा घाट अशी, म्हणजे आपल्या खानदेशातूनच. पत्रात एवढंच होतं, की दोन मोती गेले, मोहरा गेल्या, आणि चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही. वाचणाऱ्याला उलगडा झाला. मोती म्हणजे पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे सरदार. नानासाहेब त्या धक्क्यातून सावरले नाहीत, त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले.

थोडक्यात लिहिण्याचं उदाहरण म्हणून हे पत्र नेहमी सांगतात. मला मात्र वाचताना चांदी-तांबं टोचतं. ते म्हणजे साधे शिपाई, कुणाचे नवरे, कुणाची पोरं. सावकाराला पेढीचं बघायचं होतं, त्याला ती नावं लिहायचं कारण नव्हतं. पण गावोगावच्या त्या बाया दाराकडे डोळे लावून बसल्या असतील, त्यांच्यासाठी त्या पत्रात एक अक्षर नव्हतं. आणि मोत्याच्या घरी तरी काय? भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा गेला हे मानलंच नाही. कुंकू पुसलं नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक तोतया उभा राहिला, त्याने कितीतरी माणसं आपल्या मागे घेतली. 1776 साली त्याला मारलं, तेव्हा ते प्रकरण मिटलं.

तार 2013 सालच्या जुलैत बंद झाली. आता फोनवर शब्दाला पैसे पडत नाहीत, आणि आम्ही कसंही लिहितो. मागच्या कपाशीच्या वेचणीत मीच आमच्या गटावर टाकलं होतं, ‘उद्या मीटिंग, सर्वांनी कागद घेऊन यावे.’ वर हात जोडलेले, फुलं, सुप्रभात. कोणते कागद? किती वाजता? सात जणी वेचणी सोडून सकाळीच येऊन बसल्या, पासबुक एकीकडेही नव्हतं. सातही जणींची मजुरी बुडाली, अर्ज राहिले ते राहिलेच.

पुढच्या वेळी लिहिलं, ‘कर्जाचे अर्ज भरायचे. बुधवारी सकाळी 11, ग्रामपंचायतीत. आधार व पासबुकाची झेरॉक्स आणा.’ पाठवण्याआधी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “झेरॉक्स किती?” मग ‘दोन-दोन’ घातलं.

आमच्या गटात तिघींकडे फोन नाही. त्यांच्या घरी मी आदल्या संध्याकाळी जाऊन सांगून येते.