बिनपरवाना लहरींची कुळकथा

चंद्रपूर शहरात घरी नवा लॅपटॉप आला की वायफाय सुरू करायला फार काही लागत नाही. कंपनीचा माणूस फायबरची तार घरात आणतो, राउटर बसवतो. राउटरच्या पाठीवरचा पासवर्ड लॅपटॉपमध्ये टाकला की काम झाले. मातीच्या जाड भिंती असतील तर 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा, कारण तो भिंतीपलीकडे अधिक पोचतो. एकाच खोलीत वेग हवा असेल तर 5 गिगाहर्ट्झचा. या साऱ्यात कुठे अर्ज नाही, फी नाही, सरकारी शिक्का नाही. घरात चोवीस तास लहरी सोडणारे यंत्र ठेवायला परवानगी लागत नाही, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. पण वायफायचे खरे कूळ त्या न लागणाऱ्या परवानगीतच आहे. यंत्र नंतर आले. आधी हक्क मोकळा झाला.

भारतात 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगायलाही परवाना सक्तीचा केला होता. ऐकण्यापुरता रेडिओ ठेवायचा तरी ऐंशीच्या दशकापर्यंत टपाल कार्यालयात पैसे भरून परवाना काढावा लागे. जगभर रीत साधारण अशीच होती : लहरी सरकारच्या, वापर परवानाधारकाचा. संगणक लहरींवरून जोडता येतात हे हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटने 1971 मध्येच दाखवले होते, तरी ते तंत्र घरात यायला जवळजवळ तीन दशके गेली. वाट खुली झाली ती 1985 मध्ये. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मायक्रोवेव्ह भट्ट्यांसारख्या यंत्रांच्या गोंगाटामुळे कुणी फारसे न मागितलेले काही पट्टे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत संपर्कासाठी बिनपरवाना खुले केले. दुकानातली गल्ल्याची यंत्रे तारांशिवाय जोडू पाहणाऱ्या एनसीआर कंपनीने त्याचा फायदा घेतला. तिचेच अभियंते व्हिक हेस यांच्या अध्यक्षतेखाली सर्व कंपन्यांसाठी एक सामाईक मानक घडले आणि 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. 1999 मध्ये ॲपलच्या आयबुक या लॅपटॉपमध्ये त्याची सोय आली, 2003 नंतर इंटेलच्या सेंट्रिनो या चिपसंचामुळे ती बहुतेक लॅपटॉपांत अंगचीच झाली. भारताने जानेवारी 2005 च्या नियमांनी 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या यंत्रांना परवाना माफ केला आणि 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग मोकळा केला.

अशा हक्काची कल्पना चंद्रपूर-गडचिरोली या वनजिल्ह्यांना परकी नाही. मालगुजारी-जमीनदारीच्या काळापासून इथल्या गावांना निस्तार हक्क आहेत : घरच्या गरजेपुरते सरपण, बांबू, गवत जंगलातून आणायचे, मालकी कुणा एकाची नाही, पण वापर बेबंदही नाही. वायफायचा पट्टा हा लहरींचा निस्तारच आहे. यावर रास्त आक्षेप असा की, जे सर्वांचे ते कुणीच जपत नाही. प्रत्येक घरात राउटर लागला तर सगळ्यांचाच संपर्क कोलमडेल. दाट वस्तीत असा गोंधळ होतोही. पण मोकळा पट्टा म्हणजे नियम नसलेला पट्टा नव्हे. भारतात 2.4 गिगाहर्ट्झच्या यंत्राची प्रक्षेपणशक्ती 1 वॅटपर्यंतच ठेवावी लागते, त्यामुळे एका घरच्या लहरी साऱ्या मोहल्ल्याला दाबू शकत नाहीत. शिवाय बोलण्याआधी ऐकायचे, दुसरा बोलत असेल तर थांबायचे, ही शिस्त मानकातच घातलेली आहे. सामाईक साधन टिकते ते कुलपाने नव्हे, वापरणाऱ्यांनी मान्य केलेल्या मर्यादांनी. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाची ग्रामसभा हेच आपल्या जंगलाबाबत दाखवत आली आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हक्क सगळीकडे सारखा, मग गडचिरोलीतल्या भामरागड किंवा एटापल्लीच्या टोल्यावर, म्हणजे दूरच्या वस्तीवर, त्याचा उपयोग काय? हे खरेच आहे. घरातले वायफाय ही शेवटच्या काही पावलांची सोय आहे. त्यामागे तार हवी, नाहीतर टॉवर. लहरींनी जंगल ओलांडावे म्हटले तर झाडे आडवी येतात. पानांतले पाणी या लहरी शोषून घेते, म्हणून उन्हाळ्यात साग निष्पर्ण असताना चाललेला दुवा पावसाळ्यात अडखळू शकतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद होतो. पण यातून मोकळा हक्क निरर्थक ठरत नाही. तो अर्धा आहे एवढेच ठरते. मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी वाहतूक परवान्यावाचून बांबू विकता येईना. एप्रिल 2011 मध्ये तो परवाना ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा कुठे हक्काचे उत्पन्न झाले. हक्क आणि वाहतूक यांतले हेच अंतर लहरींच्या बाबतीत अजून बुजायचे आहे.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. नक्षलग्रस्त भागांसाठी 2014 मध्ये टॉवर मंजूर झाले, पण ते टूजीचे, म्हणजे बोलण्यापुरते; ते फोरजी करण्याचा निर्णय व्हायला 2022 उजाडले. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीशी केलेल्या इरादापत्रात गडचिरोलीचे नाव आहे. उपग्रहाला जमीन खोदावी लागत नाही की नदी ओलांडावी लागत नाही, त्यामुळे आश्रमशाळा आणि आरोग्य केंद्रे यांना त्याचा खरा आधार होऊ शकतो. पण ती एका कंपनीची परवान्यावर चालणारी, महिन्याच्या भाड्याची सेवा आहे. सामाईक हक्काची जागा ती घेऊ शकत नाही. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार वर्षभर चालू ठेवणे, तिथून टोल्यांपर्यंत ती वाढवणे आणि तिच्या देखभालीचे अधिकार व पैसा ग्रामसभेकडे देणे, हे सरकारचे काम आहे. लहरी मोकळ्या करायला अधिसूचना पुरल्या. त्याच लहरी जंगलातल्या घरापर्यंत पोचवायला दरवर्षी खर्च करावा लागेल, आणि तो केलाच पाहिजे.