पिंपरीचे औषध आणि बाळाच्या गालावरचा चट्टा

तान्ह्याच्या गालावर कोरडा, खरखरीत चट्टा उठला की घरात दोनच निदाने होत: नायटा, नाहीतर पोटात जंत. नायटा ही बुरशीच. आणि बुरशीवरचे एक औषध आपल्या पिंपरीतच सापडले, हे आता थोड्यांनाच आठवते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढच्याच वर्षी पेनिसिलीन निघू लागले. साठच्या दशकात डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी तेथे हॅमायसिन शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळते, त्याचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. शास्त्रीय नामावलीत असे जाऊन बसलेले गाव विरळाच! बाळाच्या तोंडातल्या पांढऱ्या बुरशीवर हे औषध ग्लिसरीनमधून लावत.

गालावरचा कोरडा चट्टा मात्र बहुधा बुरशीचा नसतो, जंतांचा तर नाहीच. तो अनेकदा इसब असतो. त्वचेचे आवरण कच्चे, म्हणून ओल टिकत नाही. तिथे पिंपरीचे औषधही निरुपयोगी. डाळीच्या पिठाने चोळून काढणे, मग ते दिवाळीचे उटणे का असेना, त्वचा आणखी सोलते. कोमट पाण्याने झटपट अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच पेट्रोलियम जेलीसारखे साधे, बिनवासाचे मलम, एवढ्याने पुष्कळ बाळांना उतार पडतो. नाही पडला, तर डॉक्टर.

आमच्या कारखानी वस्त्यांत पाळी सुटली की वाटेतल्या मेडिकलमधून ‘नायट्याची ट्यूब’ आणली जाते, ती मला जास्त खुपते. तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. बाळाची कातडी त्याने पातळ होते. आणि खरोखरच नायटा असला, तर लाली दबते, बुरशी पसरत राहते.