नगरच्या मिशनची कागदपत्रे : बाहेर गेलेली आणि घरी राहिलेली

जगाच्या पाठीवर मिशनकार्य कसे चालले आहे, निरनिराळ्या देशांचे लोक कसे राहतात, कोणत्या भाषेत प्रार्थना करतात, हे जाणून घेण्याची ओढ आज एखाद्या ख्रिस्ती तरुणाला लागली, तर त्याला फार लांब जावे लागत नाही. राहुरी किंवा श्रीरामपूर तालुक्यातील खेड्यात बसून तो खिशातल्या मोबाईलवर परमगुरुस्वामींची पत्रके वाचू शकतो. व्हॅटिकनचे संकेतस्थळ 1995 च्या नाताळात सुरू झाले. त्यानंतरच्या काळात जगातील मोठमोठ्या ग्रंथालयांनी आपली जुनी पुस्तके व नियतकालिके पानोपान छायांकित करून सर्वांना खुली केली. या अफाट साठ्यात आपल्या अहमदनगर जिल्ह्याचाही, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचाही, बराच इतिहास पडून आहे. तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात आपण स्वतः कोठे आहोत, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

नगरला मिशनचे ठाणे उभे राहिले ते 1831 च्या डिसेंबरात. 1810 साली स्थापन झालेल्या अमेरिकन मिशन बोर्डाचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईस उतरले होते. त्यांच्याच परंपरेतील मंडळी अठरा वर्षांनी घाट चढून नगरास आली. बोर्डाचे मुखपत्र ‘मिशनरी हेरल्ड’ बोस्टनहून निघत असे. नगरच्या मिशनऱ्यांची पत्रे व रोजनिश्यांतील उतारे त्यात छापले जात आणि ज्यांनी या कार्यासाठी पैसा दिला, ते अमेरिकेतील साधे शेतकरी, कारागीर व त्यांच्या घरच्या स्त्रिया ते वाचत. कॅथलिक मिशनची गोष्ट थोडी पुढची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी राहुरी तालुक्यातील वळण, केंदळ या गावांत काम उभे केले. जर्मनीत फ्रायबुर्ग येथून 1873 पासून ‘दि कॅथोलिशेन मिसिओनेन’ हे सचित्र मासिक निघत होते आणि दूरदूरच्या मिशनक्षेत्रांची वार्ता ते जर्मन वाचकांपर्यंत नेत होते. मुळा-प्रवरेच्या काठची जी खेडी पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनाही धड ठाऊक नव्हती, त्या मुलखाची वार्ता अशा रीतीने समुद्रापार वाचली जात होती.

ही पत्रे खोटी नव्हेत. दुष्काळ, पटकी, शाळांची पटसंख्या, बाप्तिस्म्यांचे आकडे यांची इतकी बारकाईची नोंद आपल्याला क्वचितच अन्यत्र सापडेल. पण ती दात्यांसाठी लिहिलेली होती, हे विसरून चालणार नाही. ज्याच्या हाती लेखणी होती तो मिशनरी त्यांत नावानिशी उभा आहे. त्याच्यासोबत गावोगाव हिंडणारा मास्तर, शाळेत झाडलोट करणारी विधवा, जातीचा रोष पत्करून नवा धर्म स्वीकारणारे महार-मांग कुटुंब, यांचा उल्लेख बहुधा ‘एक स्थानिक साहाय्यक’ किंवा ‘एक म्हातारी’ एवढाच होतो. आपल्या पणजोबांचा फोटो सापडावा आणि त्यात त्यांची पाठ तेवढी दिसावी, असा हा प्रकार आहे.

बाहेर गेलेल्या कागदांत केवळ अहवालच नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. शिकवायला आलेली काही माणसे येथे शिकूही लागली. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी निवृत्तीनंतर मायदेशी बसून एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांची चरित्रे व रचना इंग्रजीत आणल्या. ‘पोएट सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ ही त्यांची ग्रंथमाला 1926 पासून प्रसिद्ध होऊ लागली. नगरला राहिलेले विल्बर डेमिंग यांचा रामदास व रामदासी संप्रदायावरचा ग्रंथ 1928 चा. वारकरी भक्ती म्हणजे काय, हे इंग्रजी वाचकाला समजावून देणाऱ्यांत या ख्रिस्ती उपासकांचाही वाटा आहे.

हा झाला येथून बाहेर गेलेला प्रवाह. त्याच्या उलट दिशेनेही एक प्रवाह वाहत होता आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा आहे. 1842 च्या जूनमध्ये रेव्ह. हेन्री बॅलेंटाइन यांच्या संपादकत्वाखाली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघाला. धर्मचर्चेबरोबरच भूगोल, खगोल, परदेशचे वर्तमान असे नाना विषय त्याने मराठी वाचकापुढे मांडले. पुढे तो मुंबईस गेला आणि 1912 पासून रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी त्याच्या मराठी विभागाची धुरा वाहिली. कॅथलिकांसाठी हेच काम 1903 मध्ये केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेल्या ‘निरोप्या’ने केले. एका खेड्यात, ज्यांच्या मागच्या पिढीला अक्षर शिवू दिले जात नव्हते अशा लोकांसाठी मासिक काढणे, हे धाडसच होते.

डोरिंग यांचे आयुष्यही या जगाच्या ओळखीचा एक धडाच आहे. 1907 मध्ये ते पुणे धर्मप्रांताचे महागुरुस्वामी झाले. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना परके ठरवण्यात आले; शत्रुराष्ट्राच्या नागरिकांसाठी सरकारने मोठी छावणी उघडली तीही नगरलाच. 1921 मध्ये डोरिंग यांची नेमणूक जपानमधील हिरोशिमा येथे झाली. 1927 मध्ये ते पुण्यास परतले आणि 1948 पर्यंत त्यांनी हा धर्मप्रांत सांभाळला. केंदळ, पुणे, हिरोशिमा आणि पुन्हा पुणे, असा त्यांच्या सेवेचा मार्ग होता.

घरच्या भाषेतील कागद काय जपून ठेवतो, याचे उत्तम उदाहरण ‘ज्ञानोदया’तच आहे. नगरला मिस सिंथिया फॅरार 1839 पासून मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात स्त्रीशिक्षणाचा विचार बळावला, हे आपल्याला कळते ते 1853 च्या ‘ज्ञानोदया’त आलेल्या त्यांच्याच निवेदनावरून. त्याहून मोठी गोष्ट 1855 ची. त्या वर्षी 15 फेब्रुवारी व 1 मार्चच्या अंकांत मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. ती फुल्यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. येथे ‘एक स्थानिक मुलगी’ नाही; येथे तिचे नाव आहे, तिचा संताप आहे, तिचे स्वतःचे मराठी आहे. ‘ज्ञानोदया’ची ती पाने वाळवीने खाल्ली असती, तर दलित स्त्रीच्या लेखणीचा हा आरंभ आपल्या हाती लागला नसता. तसेच लक्ष्मीबाई टिळकांचे. नगर-राहुरीच्या ख्रिस्ती घरांतील भांडणे, हशा, गरिबी व श्रद्धा ‘स्मृतिचित्रां’त जशी दिसते, तशी ती कोणत्याही वार्षिक अहवालात दिसणार नाही.

छापले म्हणजे टिकले, असे मात्र मानू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो श्रद्धाळू लोकांनी हाताने नकलून घेतलेल्या पोथ्यांमुळे. त्यांच्याच आधारे 1907 मध्ये मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला. पुढे अ‍ॅबट यांनी या पुराणाचे देवनागरी हस्तलिखित उजेडात आणले, ते लंडनमधील मार्सडन संग्रहातून. इंग्रज येशूसंघीयाचा मराठी ग्रंथ अमेरिकन प्रॉटेस्टंटाने इंग्लंडात शोधावा, यात मौज आहे तसा इशाराही आहे.

आज तो इशारा अधिक तीव्र झाला आहे. अमेरिकन बोर्डाची मूळ कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या ह्यूटन ग्रंथालयात सुरक्षित आहेत. ‘मिशनरी हेरल्ड’चे जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर कोणालाही विनामूल्य वाचता येतात; अ‍ॅबट यांचे ग्रंथही मिळतात. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी कोश शिकागो विद्यापीठाने शोधण्याजोगा करून ठेवला आहे. या शोधात एक गोष्ट ध्यानात ठेवावी : जुन्या इंग्रजी लेखनात ‘नगर’ची अक्षरे ‘नग्गर’ अशी, तर ‘मराठा’ची ‘महराठा’ अशी असत. आजच्या वळणाने शोधले तर पुष्कळ काही हाती लागत नाही. जर्मन मासिके जुन्या टोकदार वळणाच्या अक्षरांत आहेत. ती वाचण्यास आपल्यातील जर्मन जाणणाऱ्या धर्मगुरू-भगिनींचे साहाय्य घ्यावे लागेल.

बाहेर गेलेला कागद असा जपला गेला आहे. घरी राहिलेल्या कागदाचे काय? मास्तरांच्या वह्या, मिशनशाळेचे हजेरीपट, ‘निरोप्या’चे सुटे अंक, हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेची पत्रके, लग्नातल्या हस्तलिखित गाण्यांच्या चोपड्या हे सारे पत्र्याच्या पेट्यांत, माळ्यावर, कधी रद्दीत आहे. ते नष्ट झाले, तर उद्याचा अभ्यासक आपला इतिहास बोस्टन आणि फ्रायबुर्गच्या नजरेनेच लिहील. दोष त्याचा नसेल.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. आपल्या घरी असे काही असेल, तर ते टाकू नका. त्याची स्वच्छ छायाचित्रे काढा. कागद कोणाचा, कोठला, केव्हाचा, हे घरातील जाणत्या माणसाला विचारून त्यासोबत लिहून ठेवा. स्नानसंस्कार व विवाहाच्या नोंदवह्यांत कुटुंबांच्या खाजगी बाबी असतात. त्यांना धर्मगुरूंच्या अनुमतीविना हात लावू नये आणि त्या उघड्यावर मांडूही नयेत. बाकीचे मात्र एकत्र यावे, वाचले जावे. जगातील मिशनांची व संस्कृतींची ओळख करून घेणे चांगलेच. पण त्या जगाला आपली ओळख आपल्या अक्षरांत करून देणे, हे आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.