साखळीपासून मुक्या पट्टीपर्यंत



शहरातल्या एखाद्या मोठ्या दुकानात आपण गेलात, पैसे दिलेत, पावती घेतलीत, आणि दाराबाहेर पाऊल टाकता टाकता एकदम घंटा घणघणली, तर काय होईल? पाचपन्नास डोळे आपल्याकडे वळतील. दरवान पिशवी उघडायला सांगेल. पिशवीत पावतीखेरीज वेगळे काही निघायचे नाही. दुकानदार ‘माफ करा’ म्हणेल. पण मनातली बोच काही घरी येईपर्यंत जायची नाही. माझ्यावर हा प्रसंग एकदा आला आहे. चूक माझी नव्हती, आणि खरं पाहिलं तर त्या घंटेचीही नव्हती. गल्ल्यावरच्या एका लहानशा यंत्राने आपले काम केले नव्हते, एवढेच. त्या यंत्राची हकीकत आज सांगायची आहे. ती दुकानाची आहे तशीच ग्रंथालयाचीही आहे. म्हणून शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ती जरूर ऐकावी.

चोरीची भीती जुनी, आणि तिच्यावरचे उपायही जुनेच. युरोपात छपाई येण्यापूर्वी एकेक ग्रंथ हाताने उतरून काढावा लागे. तो पळवणाऱ्याला शाप देणारी वचने ग्रंथावरच लिहून ठेवीत. शापाने भागेना तेव्हा साखळी आली. इंग्लंडात हेरफर्ड येथील कॅथीड्रलमध्ये असे साखळ्यांचे ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. साखळीचे एक टोक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला, दुसरे फळीच्या दांडीला. पुस्तक काढा, समोरच्या मेजावर ठेवून वाचा. घरी मात्र न्यायचे नाही. चोर अडला हे खरे. पण त्याच साखळीने वाचकही अडला.

पुढे पुस्तके स्वस्त झाली, साखळ्या गेल्या, आणि त्यांच्या जागी कुलपे आली. वाचकाने चिठ्ठी द्यावी आणि कारकुनाने पुस्तक काढून आणावे, अशी रीत पडली. १८९४ साली लंडनच्या क्लार्कनवेल भागात जेम्स डफ ब्राउन ह्या ग्रंथपालाने वाचकांना थेट फळ्यांपर्यंत जाऊ दिले, तेव्हा त्यावर मोठा वाद माजला. आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. १९३१ साली रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांचा ग्रंथ निघाला. त्यातल्या पहिल्याच नियमाने पुस्तक जपून ठेवण्यापेक्षा ते वापरण्याला अधिक मान दिला. दुकानांचेही तेच झाले. १९१६ साली अमेरिकेत मेंफिस येथे क्लॅरेन्स साँडर्स याने गिऱ्हाइकाने आपल्या हाताने माल उचलावा असे दुकान काढले.

आता दार उघडे ठेवले की सज्जनाबरोबर चोरही आत येणारच! मग दार उघडे ठेवून चोर कसा ओळखायचा?

ह्याचे एक उत्तर १९३४ सालच्या एका फ्रेंच पेटंटात सापडते. पिअर पिकार या गृहस्थाने दाखवले की, एका विशिष्ट मिश्रधातूची बारीक पट्टी वस्तूत दडवली आणि ती बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून नेली, तर ती आपली अशी वेगळी खूण उमटवते. त्या खुणेवरून पट्टी ओळखता येते. पण ही कल्पना बाजारात यायला तीसएक वर्षे लागली. १९६६ साली आर्थर मिनासी यांनी अमेरिकेत नोगो नावाची कंपनी काढली. त्याच सुमारास ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी एक चोर दारूच्या दोन बाटल्या घेऊन पळाला, आणि पाठलाग करून दमलेला दुकानाचा व्यवस्थापक रोनाल्ड असाफ पुढे ह्याच धंद्यात पडला, अशी हकीकत सांगतात. त्याची कंपनी सेन्सरमॅटिक.

ह्या पट्टीला बैलाच्या गळ्यातली घंटा समजा. बैल कुंपणाबाहेर निघाला की घंटा वाजते. पण तोच बैल आपण राजीखुशीने विकला, तर घंटा काढून घ्यायला नको का? पहिल्या दुकानांत तसेच करीत. कपड्याला अडकवलेला प्लॅस्टिकचा जाड तुकडा गल्ल्यावर खास अवजाराने काढून घेत. ग्रंथालयात मात्र पट्टी पुस्तकाच्या बांधणीत दडलेली. ती काढायची कशी? मग काही ठिकाणी ग्रंथपाल नोंदलेले पुस्तक दाराच्या बाजूने पलीकडे देई. तेच पुस्तक हाती घेऊन वाचक पुन्हा आला की परतताना पुन्हा घंटा!

म्हणून घंटा न काढता तिच्यात चिंधी कोंबण्याची युक्ती निघाली. १९७० साली थ्री-एम कंपनीने ग्रंथालयांसाठी ‘टॅटल टेप’ आणली. हिच्यात मऊ चुंबकीय धातूच्या पट्टीला लागून कठीण चुंबकीय धातूचे तुकडे असतात. पुस्तक देताना हे तुकडे चुंबकित केले की मऊ पट्टी जखडली जाते आणि मुकी होते. पुस्तक परत आले की तुकड्यांचे चुंबकत्व काढून घ्यायचे. पट्टी पुन्हा बोलू लागते. ग्रंथालयाला पट्टी मारायची नसते, झोपवायची असते, कारण तेच पुस्तक शंभर वेळा जाते आणि शंभर वेळा येते. ह्यात अडचण एकच. त्याच चुंबकाने गाण्याच्या कॅसेटही पुसल्या जात. म्हणून फितींसाठी सौम्य यंत्रे वेगळी ठेवावी लागली.

दुकानाला मात्र पट्टी एकदाच मारायची असते. तेथे तारेच्या वेटोळ्याचे कागदी लेबल आले. ते रेडिओसारखे एका ठराविक कंपनाला साद देते. जॉर्ज लिख्टब्लाउ यांनी १९७७ सालच्या पेटंटात त्यात फ्यूज घातला होता. तो वितळवला की लेबल मेले. पण त्याला बरीच शक्ती लागे. १९८५ सालच्या पेटंटात त्यांनी लेबलातल्या दोन पत्र्यांमधला पडदा एका जागी दाबून पातळ केला. थोड्याशा विजेने तो पडदा तेथेच फुटतो. त्याच वर्षी धातूच्या थरथरणाऱ्या पट्टीचे तिसऱ्या जातीचे पेटंटही निघाले. गंमत अशी की, ग्रंथालयाची पट्टी चुंबकित केली की झोपते, आणि ही चुंबकत्व काढले की झोपते!

आता माझ्या पिशवीकडे वळतो. ही यंत्रे फसत कशी? लेबल आडवे पडण्याऐवजी उभे राहिले, की क्षेत्र त्याला नीट लागत नाही. फुटलेला पडदा लेबल वाकल्याने कधी पुन्हा सांधला जातो, आणि मेलेले लेबल भलत्याच दुकानाच्या दारात जिवंत होते. पुढे लेबल कारखान्यातच वेष्टनाच्या आत बसू लागले. ते कोठे आहे हे गल्ल्यावरच्या माणसाला दिसेना. म्हणून सुधारणा झाल्या त्या ह्याच बाजूने. वेटोळी अनेक दिशांनी बसवली, म्हणजे लेबल कसेही पडो, त्याला गाठता यावे. किंमत वाचणारे यंत्र आणि लेबल मारणारे यंत्र एकत्र आणले, म्हणजे एका हातासरशी दोन्ही कामे व्हावीत. हल्लीच्या ग्रंथालयांतून पट्टीच्या जागी चिप आली आहे. पुस्तक नोंदताना तिच्यावरची खूण बदलते आणि दार ती खूण वाचते. (जाता जाता एक सांगतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी अशा दारांतून सरळ निघून जावे. तेथे रेंगाळू नये, टेकून उभे राहू नये.)

ह्या साऱ्या खटपटीचे मर्म ध्यानात घ्या. घंटा वाजवण्याची युक्ती पिकारने १९३४ सालीच दाखवली होती. पुढची कित्येक वर्षे शहाण्या माणसांची बुद्धी खर्ची पडली ती घंटा वेळेवर गप्प कशी करावी ह्यावर. कारण चोर एक सुटला तर दुकानाचे एका वस्तूचे नुकसान होते; पण चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, तर ते गिऱ्हाईक पुन्हा त्या दाराशी फिरकत नाही.

मंडळी, आपल्या शाळांतून ना अशी दारे आहेत, ना पट्ट्या. आपल्याकडे कपाट आहे आणि त्याला कुलूप आहे. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्याच माथी येईल, ही शिक्षकाची भीती खोटी नाही. त्या भीतीपोटी कपाट वर्षभर बंद राहते. एकही पुस्तक हरवत नाही, आणि एकही पुस्तक वाचले जात नाही. म्हणजे हेरफर्डची साखळी आपण आपल्या हाताने पुन्हा घातली! त्यापेक्षा वर्षाकाठी दोनचार पुस्तके गहाळ होणार हे वरिष्ठांनी धरून चालावे, त्याचा बोजा गुरुजींवर टाकू नये. गुरुजींनी नोंदवही वर्गातल्याच एखाद्या मुलीच्या हाती द्यावी, आणि कपाट उघडावे. कुलपाची पारख ते चोराला किती अडवते एवढ्यावरून करू नये. प्रामाणिक माणसासाठी ते किती सहज उघडते, हेही पाहावे.