डबीवरचे नाव आणि आतली चिप : यूएसबी वायफाय अडॅप्टरचा संक्षिप्त इतिहास

प्रस्तावना

जुन्या डेस्कटॉप संगणकाला बहुधा वायफाय नसते. त्यासाठी बोटभर लांबीचा यूएसबी अडॅप्टर, म्हणजे बोलीभाषेतला 'डोंगल', विकत घ्यावा लागतो. तुम्ही तो घ्यायला गेलात की डबीवर 'एन १५०', 'एसी ६००', 'ड्युअल बँड', 'यूएसबी ३.०' असे शब्द दिसतात. हे शब्द एकाच वेळी ठरलेले नाहीत. प्रत्येकामागे वेगळा काळ आणि वेगळी गरज आहे. या पाठात आपण तो इतिहास पाहू आणि त्यावरून योग्य अडॅप्टर कसा निवडायचा हे ठरवू.

१. परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या लहरी

रेडिओ लहरी वापरण्यासाठी सामान्यतः सरकारी परवाना लागतो. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांसाठी राखलेले काही पट्टे विनापरवाना संदेशवहनासाठी खुले केले. त्यातलाच २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा पुढे वायफायचे घर झाला. १९९७ साली ८०२.११ हे मानक आले. त्याचा वेग होता जेमतेम २ मेगाबिट प्रतिसेकंद. १९९९ मध्ये 'बी' (११ मेगाबिट) आणि ५ गिगाहर्ट्झवर चालणारे 'ए' (५४ मेगाबिट), २००३ मध्ये 'जी', २००९ मध्ये 'एन', २०१३ मध्ये 'एसी' आणि २०२१ मध्ये 'एएक्स' अशी पुढची मानके आली. ही अक्षरे सामान्य ग्राहकाला कळेनात, म्हणून २०१८ साली एन, एसी आणि एएक्स यांना अनुक्रमे वायफाय ४, ५ आणि ६ अशी सोपी नावे देण्यात आली.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा वापर आधी मुख्यतः इमारतीच्या आतपुरता होता. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने तो बाहेरही मोकळा झाला.

तुमच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि शेजाऱ्यांचे राउटर अशी सगळ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा अधिक असते, पण त्या लहरी भिंतींमधून कमी जातात. दाट वस्तीच्या इमारतीत राहत असाल तर दोन्ही पट्टे चालणारा, म्हणजे ड्युअल बँड, अडॅप्टर घेणे हिताचे. राउटर दोन-तीन भिंतींपलीकडे असेल, तर २.४ गिगाहर्ट्झ आणि बाहेरचा अँटेना अधिक उपयोगी पडतो.

२. यूएसबीचे दार

यूएसबीचा इतिहास याला समांतर चालला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट इंटेलमध्ये या कामात अग्रभागी होते. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली. तिचा कमाल वेग १२ मेगाबिट होता. २००० साली यूएसबी २.० ने तो ४८० मेगाबिटवर नेला आणि २००८ साली यूएसबी ३.० ने ५ गिगाबिटवर.

आता दोन्ही इतिहास शेजारी ठेवून पाहा. २००३ साली वायफाय ५४ मेगाबिटवर पोहोचले, पण ज्यांच्या संगणकाला जुने १२ मेगाबिटचे पोर्ट होते, त्यांना तो वेग मिळणे शक्य नव्हते. दहा वर्षांनी 'एसी'च्या वेळी हेच पुन्हा घडले. 'एसी १२००' या नावातला आकडा २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज करून बनतो. अडॅप्टर मात्र एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो. शिवाय ८६७ मेगाबिट यूएसबी २.० मधून जाऊच शकत नाहीत. म्हणून संगणकाला यूएसबी २.० चेच पोर्ट असेल, तर 'एसी ६००' (१५० अधिक ४३३) पुरेसा आहे.

यूएसबी ३.० ची एक अडचणही आहे. या पोर्टमधून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या संकेतात व्यत्यय आणतो, असे इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केले. अडॅप्टर छोट्या एक्स्टेंशन केबलने पोर्टपासून दूर ठेवला की हा त्रास कमी होतो.

३. चिप आणि ड्रायव्हर

अडॅप्टरवर नाव एका कंपनीचे असते, पण आतली चिप बहुधा दुसऱ्याच कंपनीची असते : रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम अथेरॉस. संगणक ओळखतो ती चिपला, आणि त्यासाठी ड्रायव्हर लागतो.

चिप-कंपन्या पूर्वी बहुधा फक्त विंडोजसाठीच ड्रायव्हर देत. त्यामुळे लिनक्स वापरणाऱ्यांना एनडीआयएसरॅपर नावाच्या साधनाने विंडोजचाच ड्रायव्हर कसाबसा चालवावा लागे. २००८ साली अथेरॉसने आपल्या 'एन' चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. तिच्या एआर९२७१ या यूएसबी चिपचे फर्मवेअरही २०१३ मध्ये खुले झाले. म्हणूनच ही साधी, जुनी चिप लिनक्सच्या जगात अजूनही नाव राखून आहे.

भारतात हा प्रश्न मूठभर हौशी लोकांचा नाही. केरळच्या सरकारी शाळांमधील संगणक मुक्त प्रणालीवर चालतात आणि सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय भाषांना आधार देणारी लिनक्स प्रणाली तयार केली आहे. अशा शाळेने चुकीच्या चिपचे अडॅप्टर घेतले, तर पैसे खर्च होऊनही वर्गात इंटरनेट येत नाही.

यासाठी एक उदाहरण लक्षात ठेवा. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ चिप होती. नंतरच्या आवृत्त्यांत रिअलटेकची चिप आली. तिला वेगळा ड्रायव्हर लागतो. नाव मात्र तेच राहिले. जुना सल्ला वाचून नवी आवृत्ती घेणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात दुसरीच वस्तू येते.

४. सुरक्षेची पिढी

वायफायची पहिली सुरक्षा पद्धत, डब्ल्यूईपी, २००१ साली संशोधकांनी कमकुवत ठरवली. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आले. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल, तर जुना अडॅप्टर त्याला जोडला जाणार नाही. नवी खरेदी करताना डब्ल्यूपीए३ चा उल्लेख पाहा.

५. खरेदीपूर्वी पाहायच्या गोष्टी

• संगणकाला कोणते यूएसबी पोर्ट आहे? निळ्या रंगाचे पोर्ट सहसा ३.० असते.
• राउटर कोणते पट्टे आणि कोणते मानक देतो? राउटरच्या पलीकडचा वेग अडॅप्टर देऊ शकत नाही.
• चिप कोणती? मॉडेलसोबत लेबलवरचा आवृत्ती क्रमांकही पाहा.
• त्या चिपचा ड्रायव्हर तुमच्या प्रणालीत आधीपासून आहे का? लिनक्ससाठी ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच असलेली चिप निवडा. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू आणि एमटी७९२१एयू या चिपचे ड्रायव्हर अलीकडच्या कर्नलमध्ये आहेत.
• ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागते आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग वापरा.

सारांश

रेडिओचे मानक, यूएसबीचा वेग आणि ड्रायव्हरची उपलब्धता या तीन गोष्टी वेगवेगळ्या गतीने पुढे गेल्या. या तिन्हींपैकी जी सर्वांत मागे असेल, तिच्यावर तुमच्या जोडणीचा वेग ठरतो. डबीवरचा मोठा आकडा फक्त पहिल्या गोष्टीबद्दल सांगतो. उरलेल्या दोन तुम्हाला स्वतः तपासाव्या लागतात.

स्वाध्याय

१. 'एसी १२००' अडॅप्टर यूएसबी २.० पोर्टला जोडल्यास पूर्ण वेग का मिळत नाही?
२. एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्या वेगळ्या का वागू शकतात? उदाहरण द्या.
३. तुमच्या शाळेतील किंवा घरातील एका संगणकासाठी अडॅप्टर निवडा आणि निवडीची कारणे लिहा.