नहपानाचा चेहरा

एम.ए.च्या वर्गात गाथासप्तशती शिकवताना सातवाहनांचा काळ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहावा, म्हणून मी त्यांना एक छोटे टिपण लिहून आणावयास सांगितले होते. एका विद्यार्थ्याने टिपणासोबत एक चित्र जोडले. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून त्याने ते काढून घेतले होते. सुवर्णसिंहासनावर बसलेला गौतमीपुत्र सातकर्णी, मस्तकी रत्नजडित मुकुट, मागे नदी आणि नदीपलीकडे उंच शिखराचे दगडी मंदिर. "सर, हे आपले नाशिकच आहे," तो म्हणाला. चित्र देखणे होते, वर्गाला आवडलेही. अशा शिखरांच्या मंदिरांना अजून काही शतके अवकाश होता, हे मी सांगितले, तेव्हा त्याने अगदी सरळपणे विचारले, "मग खरे कसे होते?"

याचे उत्तर माझ्यापाशी चित्ररूपात नाही, कोणापाशीच नाही. पण नाशिक जिल्ह्यातच, गोदावरीकाठच्या जोगलटेंभी या गावी १९०६ साली जे सापडले, त्यात त्या उत्तराचा एक तुकडा आहे. चांदीच्या नाण्यांचा तो ठेवा होता, रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातील १३ हजारांहून अधिक नाणी तपासली. सगळी मुळात क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

पुन्हा ठसा मारणे म्हणजे काय, हे नाणे पाहिल्याखेरीज नीट उमगत नाही. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक लिपीतली अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. एका चांदीच्या तुकड्यावर तीन लिप्या! विजेत्याने ही नाणी वितळवली नाहीत. तीच घेऊन त्यांवर तीन कमानींचे चैत्यचिन्ह आणि उज्जैनी चिन्ह ठोकले. घाई असावी, किंवा काटकसर. ठसा कुठे तिरपा बसला, कुठे अर्धाच उमटला. परिणामी चैत्याच्या कमानीखालून नहपानाचे नाक डोकावते, कुठे हनुवटी उरते, कुठे ग्रीक अक्षरांचा एखादा कोपरा.

आता हे नाणे मनात ठेवून पांडवलेण्यांवर चला. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, गौतमी बलश्रीच्या दानाचा लेख आहे. आपल्या दिवंगत पुत्राचा गौरव करताना ही माता म्हणते की, त्याने क्षहरातांचा वंश निरवशेष केला. 'निरवशेष' हा शब्द मोठा ठाम आहे. नाण्यावर मात्र अवशेष आहे, आणि तोही चांगला ठळक. त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या स्वतःच्या अठराव्या वर्षातला लेख आहे. त्यात भिक्षूंना दिलेले दोनशे निवर्तनांचे शेत पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात होते, अशी नोंद आहे. उषवदात हा नहपानाचा जावई. जमिनीवरही असा ठशावर ठसा! आणि थोड्याच अंतरावर, दहाव्या लेण्यात, या जावयाची दाने अक्षरशः शाबूत आहेत: गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवलेले दोन हजार व एक हजार कार्षापण, दरमहा शेकडा एक आणि पाऊण या दराने, त्या व्याजातून भिक्षूंची चीवरे. राजवट बदलली तेव्हा त्या व्याजाचे काय झाले असेल, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

आणखी एक गोष्ट. या नाण्यांवरचे मुखवटे एकसारखे नाहीत, हे स्कॉट यांच्याच लक्षात आले होते. कुठे तरुण, कुठे उतारवयाचा, नाकाची ठेवणही वेगळी. नाव मात्र एकच, नहपान. मग हा चेहरा कोणाचा? यंत्राला 'नहपान काढ' म्हटले तर ते एक चेहरा देईल, नीटस आणि निःशंक. असंख्य चित्रांतून जे वारंवार येते ते जुळवून देणे, ही त्याची रीत आहे. तिरपा बसलेला ठसा त्या रीतीत गळून पडतो.

यंत्राविषयी मी हे तुच्छतेने लिहीत नाही. व्हेसुव्हियसच्या राखेत कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्यांतला मजकूर, त्या न उलगडता, अशाच यंत्रांच्या साहाय्याने वाचला गेला. २०२३ साली पहिली अक्षरे दिसली. खंडित ग्रीक शिलालेख पुरे करण्यासाठी 'इथाका' ही प्रणाली २०२२ मध्ये आली. पण या दोन्ही ठिकाणी यंत्रासमोर वस्तू होती, आणि यंत्राने सुचवलेले वाचन तज्ज्ञ पुन्हा त्या वस्तूशी ताडून पाहत होते. वर्गातल्या चित्राला ताडून पाहण्यासारखे काही नव्हते, हा फरक आहे.

अर्थात संग्रहालयाने आपले काम केले पाहिजे. एका संग्रहालयात (नाव घेत नाही) असे नाणे पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांना नेले होते. काचेवर दिव्याची तिरीप, आणि खाली 'चांदीचे नाणे, प्राचीन' एवढीच चिठ्ठी. पुनर्मुद्रणाचा उल्लेखही नाही. अशा वेळी मुले मोबाइलकडे वळली, तर दोष त्यांचा कसा? याउलट नाशिक–त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला, १९८० साली स्थापन झालेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेच्या संग्रहालयात भारतीय नाण्यांचा क्रम मांडलेला आहे. तेथे एक दुपार काढली की निदान काय पाहायचे, हे डोळ्याला कळू लागते. आमच्या किती महाविद्यालयांच्या सहली तेथे जातात, हे विचारायला नको.

चित्र काढून आणणारा तो विद्यार्थी त्या अंधुक काचेपाशी मात्र रेंगाळला. भिंग माझ्यापाशी होते. बराच वेळ त्याला चैत्य सोडून काही दिसेना. मग मान तिरकी करून तो म्हणाला, "सर, इथे कान आहे." तो नहपानाचा कान होता, किंवा ज्या कोणाचा तो मुखवटा असेल त्याचा.