जाण्याची वाट आणि परतीची वाट

टोकावड्याहून मुरबाडला किंवा वैशाखऱ्याला जाणाऱ्याला घाटाची चौकशी करण्याचे कारण नसते. जुन्नरला पायी निघालेल्याला मात्र नाणेघाटासारखी एखादी वाट गाठावीच लागे. संगणकांच्या जाळ्यातले प्रत्येक यंत्र निरोप पाठवण्यापूर्वी हाच विचार करते. ज्याच्याकडे निरोप जायचा तो आपल्याच वाडीतला, की डोंगरापलीकडचा?

वाड्या पाडण्याची ही पद्धत तशी अलीकडची. १९८१ साली ठरलेल्या नियमांत प्रत्येक जाळ्याला स्वतंत्र क्रमांक होता. पुढे विद्यापीठांच्या एकाच आवारात अनेक जाळी उभी राहिली. प्रत्येकासाठी नवा क्रमांक घेतला असता, तर सर्वत्र ठेवलेल्या मार्गांच्या याद्या फुगत गेल्या असत्या. स्टॅनफर्डच्या जेफ्री मोगल यांनी १९८४ साली तोड सुचवली, आणि १९८५ साली त्यांनी व जॉन पोस्टेल यांनी तिला नियमाचे रूप दिले. बाहेरच्या जगासाठी आवाराचा क्रमांक एकच, आत मात्र हव्या तेवढ्या वाड्या, म्हणजे 'सबनेट'. १९२.१६८.२०.५ या पत्त्याबरोबर २५५.२५५.२५५.० हा 'मास्क' दिला, की पहिले तीन आकडे वाडीचे आणि शेवटचा घराचा. वाडी वेगळी निघाली, तर निरोप घाटावरच्या यंत्राकडे, म्हणजे रूटरकडे, सोपवायचा.

आपल्याकडे १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' सुरू केले. मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था या जाळ्याचे परदेशाकडचे नाके झाली. १९८९ साली तेथून अमेरिकेला जोडलेली तार सेकंदाला ९६०० बिट वाहून नेई, म्हणजे जेमतेम १२०० रोमन अक्षरे! सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत.

त्या काळी रूटर हाताळायला मिळणे ही मोठ्या संस्थांतील मोजक्यांची मिरास होती. आज एकाच संगणकाच्या पोटात चार-पाच 'आभासी' संगणक चालवता येतात. ही युक्तीही जुनीच, आयबीएमने ती १९६० च्या दशकात मोठ्या यंत्रांवर वापरली होती. लिनक्सच्या गाभ्यात तिची सोय २००७ साली आली. त्यामुळे खेड्यातल्या शाळेतही, एक पैचे नवे उपकरण न घेता, रूटिंग शिकवता येते.

आम्ही तसा खटाटोप घरी केला, आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या. घरचे जाळे १९२.१६८.१.०, आभासी यंत्रांची वाडी १९२.१६८.२०.०, आणि मध्ये दोन्हींत पाय असलेले एक आभासी लिनक्स यंत्र रूटर म्हणून. निरोप काही पलीकडे जाईना. पहिले कारण लवकर सापडले. साधा संगणक दुसऱ्याचे निरोप पुढे ढकलत नाही. तसे त्याने आपणहून करू नये, असा १९८९ पासूनचा नियमच आहे. लिनक्समध्ये ती परवानगी मुद्दाम द्यावी लागते. ती दिली, तरी उत्तर नाही!

अखेर आभासी वाडीतल्या यंत्रावर येणारे-जाणारे निरोप टिपून पाहिले. विचारणा तेथे पोचतच नव्हती. मग ती हरवत होती कोठे? उलट दिशेनेही करून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. वाडीतल्या यंत्रांना आम्ही घाटाचा पत्ता दिला होता, पण तो चुकून घरच्या जाळ्याच्या बाजूचा. त्यांच्या वाडीत तो पत्ताच नव्हता. तो बदलून २० च्या वाडीतला केला. शिवाय घरच्या रूटरला २० ची वाडी ठाऊकच नव्हती. अनोळखी पत्ता म्हणून तो असे निरोप बाहेर इंटरनेटकडे धाडत होता, आणि १९९६ च्या नियमाप्रमाणे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असल्याने बाहेर त्यांना वाट नाही. घरच्या रूटरच्या यादीत '२० च्या वाडीकडे या यंत्रातून' अशी एक ओळ घातली, आणि उत्तरे येऊ लागली.

वर्गात हा प्रयोग करताना ती ओळ आधी मुद्दाम गाळावी. निरोप कोणत्या टप्प्यावर थांबला, हे मुलांनाच शोधू द्यावे.